ओळीचा शेवटचा शब्द

...आणि वर मलाच म्हणतो, मामा, तू प्रश्न फार विचारतोस! आता तुम्हीच सांगा, विचारायचं नाही? माझं दुकान, माझी मागची खोली, तिथे लोकांच्या धुतलेल्या कोटांच्या मधोमध सव्वीस वर्षांचा घोडा डोळे मिटून उभा, तोंडापुढे माईक, तोंडातून मिनिटाला दोनशे शब्द पडतायत, आणि मी विचारायचं नाही की बाबा रे, तू श्वास घेतोस कधी? मी आपलं सहज विचारलं. टोमणा नाही, खवचटपणा नाही, मला आपलं कुतूहल. तर हा माईक बाजूला ठेवून माझ्याकडे असा बघतो, जसा काही मी त्याच्या बापाचा कोट जाळलाय.

तुम्हाला सांगतो, माझा धंदा लाँड्रीचा. पंचवीस वर्षं झाली. आणि या धंद्यात विचारल्याशिवाय भागतच नाही हो. गिऱ्हाईक कोट आणून टाकतं, खिशावर हा एवढा डाग, आणि म्हणतं, "काही नाही हो, पाणी सांडलं." पाणी? पाण्याचा डाग तपकिरी असतो? खरं काय सांडलं ते कळल्याशिवाय डाग निघत नाही, म्हणून विचारावं लागतं, कुठे सांडलं, कधी सांडलं, सांडल्यावर तुम्ही काय चोळलंत... आणि शेवटी कळतं की बायकोने रागावून अख्खा चहाचा कप अंगावर ओतला होता. डाग निघतो. संसाराचं मला माहीत नाही.

तर हा घोडा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. घरी त्याला काय म्हणतात ते सोडा, बाहेर सगळे त्याला चक्री म्हणतात, कारण एकदा सुरू झाला की थांबत नाही. रॅप करतो. म्हणजे गातही नाही आणि नुसतं बोलतही नाही, त्या दोन्हींच्या मधलं जे काही आहे ते फार वेगाने करतो. आणि त्याचा जोडीदार ठोक्या. शाळेपासूनचे दोस्त. ठोक्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या माथ्यावर ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलेला असतो, आणि बोलणं म्हणाल तर तोलून-मापून. "जेवलास का?" "हो." "आई बरी आहे?" "बरी." झालं, दिवसाचा कोटा संपला.

सात वर्षं या दोघांची जोडी होती. चक्री-ठोक्या. रियाझ माझ्या मागच्या खोलीत, कारण तिथे दोनशे कोट टांगलेले असतात आणि कोट आवाज पिऊन टाकतात म्हणे, प्रतिध्वनी येत नाही. मी इकडे वाफेच्या इस्त्रीखाली विजारी दाबतोय आणि तिकडे हे चाललंय. आणि त्यांची पद्धत काय, नीट ऐका हं, कारण सगळं रामायण इथेच घडलंय. ओळ चक्री म्हणायचा. लांबच लांब ओळ, ऐकणाऱ्याला धाप लागेल अशी. आणि ओळीचा शेवटचा शब्द म्हणायचा ठोक्या. एकच शब्द. धाडकन. त्यांचं ते गाजलेलं गाणं आहे ना, "तिसरा मजला", त्यात चक्री म्हणतो, "पायऱ्या चढून चढून आला कसाबसा तिसराच..." की ठोक्या, "मजला!" चक्री पुन्हा, "हातातला अर्ज नोकरीचा घामाने पार..." की ठोक्या, "भिजला!" आणि समोरची पोरं वेडीपिशी. एवढंच काम. बाकीचा वेळ ठोक्या खिशात हात घालून उभा. मला तर पहिली दोन वर्षं वाटायचं की याला फक्त सोबतीला आणतात, जसं आपण दवाखान्यात जाताना कुणाला तरी नेतो.

आणि एक दिवस चक्री दुकानात आला, काउंटरवर कोपरं टेकली आणि म्हणाला, "मामा, मी सोलो करणार." म्हटलं, म्हणजे काय करणार? "एकट्याने. मी एकटा." म्हटलं, का रे, भांडलात? "भांडण कसलं मामा. तो कार्यक्रम भरवणारा आहे ना, तो म्हणाला..." आणि लगेच त्या माणसाचा आवाज काढून दाखवायला लागला, नाकातून, मान तिरकी करून, "बघ चक्री, लोक तुलाच बघायला येतात. तो दुसरा काय करतो? एक शब्द. एका शब्दासाठी अर्धं पोस्टर?" आता त्या माणसाला काय कळतंय, पण माणसाला त्याच्या मनातलं दुसऱ्याने बोलून दाखवलं की तो दुसरा फार हुशार वाटतो. चक्रीने कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी सोडली. सभागृह ठरलं, तीनशे खुर्च्यांचं, दुपारी चार वाजता, बारा दिवसांनी. पोस्टरवर हा एकटा. म्हटलं, आणि ठोक्याला सांगितलंस? "सांगितलं." काय म्हणाला? "बरं म्हणाला."

बरं! सात वर्षांची जोडी तुटली आणि माणूस म्हणतो बरं. मला राहवेना. म्हटलं, चक्री, सगळं ठीक आहे, कर तू सोलो, आम्ही आहोत पाठीशी, पण एवढं सांग, मग शेवटचा शब्द कोण म्हणणार? मी आपलं सहज विचारलं. तर हसला. "कोण म्हणजे? मी. एक तर शब्द आहे मामा."

एक तर शब्द आहे. बरोबर. गेला आत, माईक लावला, सुरू झाला. मी इस्त्री बंद करून ऐकतोय. पहिली ओळ आली, वेगात, झकास, शेवटाला पोचली आणि... गप्प. काही नाही. दुसरी ओळ, धडाधड, आणि शेवटाला पुन्हा गप्प. मी पडदा सारून बघतो तर हा डोळे मिटून छाती भरून निवांत श्वास घेतोय! म्हटलं, अरे शब्द? दचकला. "राहिला का?" राहिला का म्हणजे काय? मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सात वर्षं, हजारो ओळी, ठोक्या शब्द म्हणायचा आणि त्या तेवढ्या वेळात हा श्वास घ्यायचा. मी जे विचारलं होतं ना, श्वास कधी घेतोस, त्याचं हे उत्तर. ठोक्याच्या शब्दात घ्यायचा. त्याचं त्यालाच माहीत नव्हतं हो.

मग म्हणाला, आता लक्ष ठेवून म्हणतो. ठेवलं लक्ष. शेवटचा शब्दही स्वतः म्हणाला, पण मग श्वासाला जागा कुठे? चौथ्या ओळीला कान लाल, सहाव्या ओळीला मानेच्या शिरा टरारल्या, आठव्या ओळीला कुणा वकिलाच्या काळ्या कोटाला धरून उभा. त्यात नेमकी आमची ताई आली. पोराचा तो अवतार बघून तिने काय करावं, माझ्या इस्त्रीची वाफ त्याच्या तोंडापुढे धरली! "याला दमा आहे, मी म्हणत नव्हते? याच्या आजोबांना होता." नेला डॉक्टरकडे. डॉक्टर छाती तपासतात, फोटो काढतात, उजेडासमोर धरून बघतात आणि चष्म्यावरून म्हणतात, "फुप्फुसं उत्तम आहेत हो बाई. मुलगा वापरत नाही एवढंच."

गेले की नाही तीन दिवस वाया? उरले नऊ. आणि खरी गंमत पुढेच आहे. म्हणजे तेव्हा गंमत नव्हती, आता सांगताना वाटते. मी म्हटलं, आण बघू तुझी वही, आपण ओळी जरा आखूड करू, मधे श्वास पेरू, विजारीची लांबी कमी करतात तशी. मी आपला मदत करायला गेलो. वही उघडली. सात वर्षांची वही, कडेने फाटलेली, अक्षर कोंबडीचे पाय. वाचतो तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक आडवी रेघ. "पायऱ्या चढून चढून आला कसाबसा तिसराच", रेघ. "हातातला अर्ज नोकरीचा घामाने पार", रेघ. पान उलटलं, रेघ. दुसरं उलटलं, रेघच रेघ. म्हटलं, चक्री, हे शेवटचे शब्द कुठायत? म्हणाला, "ते लिहायचो नाही. ते ठोक्या टाकायचा काहीतरी." काहीतरी? "हो म्हणजे... मी ओळ म्हणायचो, त्याला सुचायचं, तो टाकायचा." म्हटलं, अरे पण यमक शेवटच्या शब्दात असतं ना?

मी आपलं सहज विचारलं.

तुम्हाला सांगतो, मी माणसं रडताना पाहिलीत, चिडताना पाहिलीत, लग्नाच्या शेरवानीला भोक पडलेलं बघून मटकन खाली बसताना पाहिलीत, पण या पोराचा चेहरा जसा उतरला तसा कुणाचा पाहिला नाही. वही हातात घेतली, एक पान बघितलं, दुसरं बघितलं. मग त्या खोलीत खालीच बसला, कोटांच्या खाली, असा की कोटांच्या बाह्या त्याच्या डोक्यावर. म्हणाला, "मामा, सात वर्षं मला वाटत होतं की गाणी मी लिहितोय." मला इतकं वाईट वाटलं... कुठून विचारलं असं झालं. पण आता विचारून झालं होतं.

आता यावर सरळ उपाय काय? उठायचं, ठोक्याकडे जायचं, म्हणायचं, चुकलं, चल. पण नाही. जिद्द! "पोस्टरवर एकटा आहे मामा. तो आला तर सोलो कसला?" नवं गाणं लिहायला बसला, त्याचं नावच "एकटा". शेवटच्या शब्दांसकट लिहिणार म्हणाला. दोन दिवस दार बंद. तिसऱ्या दिवशी बाहेर आला, डोळे तारवटलेले, म्हणाला, ऐक. "मी एकटा आहे, वाट माझी आहे, आवाज माझा आहे, बाजूची जागा माझी आहे..." म्हटलं, थांब, सगळ्या ओळी आहे-आहे-आहे? म्हणाला, "यमक जुळतंय की." अरे जुळणारच, एकच शब्द आहे तो! ही काय पावती आहे? आम्ही लिहितो तशी, कोट एक आहे, बटण तुटलेलं आहे, अस्तर फाटलेलं आहे?

मग जो भेटेल त्याला शब्द विचारायला लागला. ताईला विचारलं, तर तिने प्रत्येक ओळीच्या शेवटी "जेवलास का" बसवलं, आणि खरं सांगू, दोन ठिकाणी बरं बसलं होतं. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका साड्या टाकायला येतात, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बाळ, इथे 'प्राक्तन' घे, आणि खालच्या ओळीत 'आक्रंदन'." बाळाने घेतलं. मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगात आक्रंदन म्हणून बघा एकदा. जीभ चावली, दोन दिवस नुसतं थंड दूध.

दर मंगळवारी ठोक्या गणवेश टाकायला येतो. आला. मी पावती फाडता फाडता म्हटलं, ठोक्या, एक विचारू? "विचारा मामा." ते शब्द तुला सुचायचे कसे रे? आता बघा, याला मी पंधरा वर्षं ओळखतो, एका वेळी चार शब्दांच्या वर बोललेला ऐकला नव्हता. तो जरा वेळ ग्रीसचा अंगठा पुसत राहिला आणि म्हणाला, "सुचायचे नाहीत मामा. मी ऐकायचो. तो ओळीच्या शेवटाकडे यायला लागला की त्याला काय म्हणायचंय ते मला कळायचं. त्याच्या आधी कळायचं. मग मी म्हणून टाकायचो." म्हटलं, मग तूही कर की सोलो. तर हसला. "माझ्याकडे नुसते शेवटच आहेत."

म्हटलं, कार्यक्रमाला येशील? म्हणाला, "त्याने बोलावलं तर." मी आत जाऊन चक्रीला म्हटलं, त्याला बोलाव. म्हणाला, "तो येणार असेल तर येईल की." म्हणजे हा म्हणतो बोलावलं तर, तो म्हणतो आला तर, आणि मधे मी, हातात गणवेश घेऊन. शेवटी मीच तिकीट काढून गणवेशाच्या खिशात घातलं आणि घडी मारून दिला. आमच्या धंद्यात खिशातलं काढून परत देतात. मी घालून दिलं.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. ताई आली नाही, म्हणाली, "माझ्याने बघवणार नाही, तू फोन कर." मी तेराव्या रांगेत. दिवे मंद झाले आणि शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं, इस्त्रीच्या गणवेशात. मी बघितलं, त्याने बघितलं.

चक्री आला. एकटा. एवढ्या मोठ्या मंचावर एकटा माणूस किती लहान दिसतो हो! "तिसरा मजला"ने सुरुवात केली. "पायऱ्या चढून चढून आला कसाबसा तिसराच..." आणि थांबला. सवय! छाती भरून श्वास. माझा जीव टांगणीला. आणि तीनशे माणसं एका आवाजात, "मजला!" चक्री दोन पावलं मागे सरकला. पुढची ओळ, "...घामाने पार," आणि सभागृह, "भिजला!" सगळ्यांना पाठ! सात वर्षं ऐकलंय त्यांनी. प्रत्येक ओळीला हा थांबतोय, श्वास घेतोय, आणि शब्द लोक टाकतायत. म्हणजे लोक ठोक्याचेच शब्द म्हणत होते, ठोक्याच्याच ढंगात, आणि खुद्द ठोक्या माझ्या शेजारी हाताची घडी घालून गप्प. म्हटलं, बरं वाटतंय ना रे ऐकून? मी आपलं सहज विचारलं. त्याने फक्त मान हलवली, कोणत्या बाजूला ते अंधारात कळलं नाही.

जुनी चार गाणी झाली आणि आलं नवं. "एकटा". हे कुणाला पाठ असणार? चक्री म्हणाला, "माईक एक, माणूस एक, आणि बाजूची जागा..." आणि थांबला. लोकही थांबले. वहीत होतं "माझी आहे". पण मी बघत होतो, त्याने मान वळवली, त्या उजव्या बाजूला, जिथे सात वर्षं ठोक्या उभा असायचा, खिशात हात घालून. तिथे काहीच नव्हतं. एक जण खोकला. मी ठोक्याच्या कानात म्हटलं, म्हण की रे, तुला माहीत असेल शब्द, म्हण, पोरगं मरतंय तिथे! त्याचे ओठ दाबलेले, खुर्चीचा हात घट्ट धरलेला, आणि म्हणाला, "त्याचा आहे मामा. त्यालाच म्हणू दे."

किती वेळ गेला कोण जाणे. चक्रीने त्या रिकाम्या जागेकडे बघत सावकाश श्वास घेतला आणि हळूच म्हणाला, "...रिती."

मग पुढची ओळ, आता वेगात नाही, वहीतली तर नाहीच, "एवढ्या मोठ्याने बोलतोय, कारण पोटात आहे..." आणि पुन्हा थांबला. पुन्हा श्वास. आणि तुम्हाला सांगतो, एकाच क्षणी दोन शब्द आले. माझ्या शेजारी ठोक्याच्या तोंडून नकळत, अगदी पुटपुटल्यासारखा, "गती." आणि मंचावरून चक्रीचा, "भीती."

सात वर्षांत पहिल्यांदा दोघांचे शब्द वेगळे पडले. मी ठोक्याकडे बघितलं. तो मंचाकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते, अंधार असला तरी तेवढं दिसतं. म्हणाला, "भीतीच बरोबर आहे. माझा चुकला." आणि मग पूर्ण गाणंभर चक्री असाच, ओळ म्हणायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा, शब्द शोधायचा. काही शब्द साफ पडले, एकदा तर "आहे" आलंच, लोक हसले, तोही हसला. पण काही असे लागले की माझ्यासारखा माणूस, ज्याला यातलं काही कळत नाही, तो रुमाल शोधत होता. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं.

बाहेर मागच्या दाराशी ठोक्या थांबला. चक्री आला, घामाने निथळत, शर्ट असा की माझ्याकडे तीन दिवस लागतील. समोर ठोक्याला बघून जागच्या जागी उभा. "आलास?" "आलो." "कसं झालं?" "जमलं." मग चक्रीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पायाने जमीन उकरली आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात अजून एक आहे. ये ना. दोघं करू. पहिल्यासारखं." मी म्हटलं चला, सुटलं एकदाचं, आता हा म्हणेल बरं. तर ठोक्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, राग नाही, लोभ नाही, अगदी खरं वाटून म्हणाला, "कशाला रे? तुला येतं की आता." तेवढ्यात त्याचा फोन वाजला, कुठल्या तरी इमारतीत कुणी तरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. गेला, पायऱ्या उतरून, मागे न बघता. आणि चक्री तिथेच. हातात फुलांचा गुच्छ, आतून लोक अजून त्याच्या नावाने ओरडतायत, आणि याचा चेहरा... पडलेल्या माणसाची समजूत कशी काढायची ते मला येतं हो. पाठीवर हात फिरवायचा, म्हणायचं, जाऊ दे, पुढच्या वेळी. पण हा तर पडला नव्हता. पडला असता ना, मी लिहून देतो, दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माझ्या दुकानात असते.

तेवढ्यात ताईचा फोन. "काय रे, काय झालं? सांग ना! पडला का?"

म्हटलं, नाही गं ताई. काय करणार... जमलं त्याला.